लाइनीवरची नोकरी

विंगरला मैदानात शेजार एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला चुन्याची रेघ, आणि रेघेपलीकडे लोक. मधल्या फळीत खेळणाऱ्याच्या कानावर गॅलरीचा नुसता गलका येतो. विंगरला सगळं सुटं सुटं ऐकू येतं : सल्ले, शिव्या, पैजा, घरच्यांची नावं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेकडून खेळणाऱ्या पोराला तर मागून ओरडणारा आवाज कुठल्या बोळातला, हेही कळतं. "कडंनं काढ की रं!", "मार सेंटर!", "बॉल काय बघतोयस, गडी बघ!" मी राइट आउट म्हणून या आवाजांत घडलो आणि पुढं तिशी उलटेपर्यंत मुंबई, कोलकाता, गोवा अशा ठिकाणी याच जागेवर पगार घेऊन खेळलो. आता पोरांना शिकवतो. माझ्या नावाचं पोस्टर कुठं लागलं नाही, भारताची जर्सी मिळाली नाही. पण भारतात फुटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण माझ्यासारखेच असतात, म्हणून या नोकरीचा हिशेब मांडावासा वाटला.

विंगर म्हटलं की लोकांना दिसतो तो बॉल घेऊन सुटलेला, बॅकला चकवणारा गडी. ते खोटं नाही, पण कामाचा तो फार छोटा भाग आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी बॉल असतो तो सगळा मिळून दोन-तीन मिनिटं. विंगर त्या सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतो. म्हणजे जवळजवळ सगळं पळणं बॉलशिवायचं. लोक टाळ्या वाजवतात त्या दोन-तीन मिनिटांतल्या डॉजला. पगार मिळतो तो उरलेल्या पळण्याचा आणि डॉजनंतरच्या शेवटच्या पासचा. हे कळायला मला कोल्हापूर सोडावं लागलं.

कोल्हापूरला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. आमच्याकडं फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी असे संघ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. दिवाळी झाली की लीगचे वेध लागतात आणि पाऊस येईपर्यंत एकामागून एक चषक चालू राहतात. दुपारी चारच्या सामन्याला कामावरून हाफ-डे घेऊन येणारी माणसं आहेत. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की बंदोबस्त वाढतो. भारतात इतर ठिकाणी क्लबाला प्रेक्षक शोधावे लागतात. इथं प्रेक्षक आधीपासून आहेत आणि संघ त्यांच्या घरातला आहे.

त्या वातावरणानं मला एकच गोष्ट दिली, पण ती आयुष्यभर पुरली : समोरच्याला अंगावर घेण्याची हिंमत. आमच्याकडं बॅक दयामाया दाखवत नाही. उन्हाळ्यात मैदान कडक होतं, पडलं की गुडघ्याची सालटी निघतात. तिथं पहिल्या टॅकलनंतर विंगर बॉल मागायला पुन्हा लाइनीवर आला का, एवढंच लोक बघतात. आला, तर तो आपला. आमच्या तालमीतले एक वस्ताद मातीतले पैलवान होते. फुटबॉल त्यांनी कधी खेळला नव्हता, पण माणसाचा तोल त्यांना कळायचा. ते म्हणायचे, "त्याच्या पायाकडं बघू नगंस, कमरंकडं बघ. पाय फसवत्यात, कंबर फसवत न्हाई." पुढं लायसन्स घेतलेल्या कितीतरी प्रशिक्षकांनी हेच सांगितलं. बॅकचं वजन ज्या पायावर गेलं, त्याच बाजूनं बॉल ढकलायचा. वजन टाकलेला पाय उचलायला त्याला जो क्षण लागतो, तेवढंच विंगरचं भांडवल.

मुंबईत गेलो तेव्हा तिथल्या फुटबॉलचा कणा अजून ऑफिसांचे संघ हाच होता. एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे, बँका. महिंद्रा युनायटेडनं नुकतीच, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. कुपरेजवर सामना बघायला दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतले लोक डबा संपवून यायचे. माझे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर. त्यांच्या लेखी फुटबॉलला अर्थ एकच : त्यातून कुठंतरी कायम नोकरी लागणं. मला त्याचा राग यायचा. आता येत नाही, कारण भारतीय फुटबॉल कितीतरी दशकं त्याच हिशेबावर उभा होता. पी. के. बॅनर्जी हा या देशाचा सर्वांत नावाजलेला राइट आउट. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार, फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीतला गोल त्यांचा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही त्यांनी गोल केला आणि भारतानं सुवर्णपदक जिंकलं. एवढा मोठा खेळाडू, पण मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळला नाही. ते ईस्टर्न रेल्वेत राहिले, आणि १९५८ मध्ये त्या रेल्वे संघानं कलकत्ता लीग जिंकली. रोमला डाव्या बाजूनं खेळणारे तुलसीदास बलराम तितकेच गुणी. आजारपणामुळं त्यांना साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच खेळ सोडावा लागला. राष्ट्रीय संघाच्या दोन विंगांपैकी एक इतक्या लवकर थांबते, हे मी जेव्हा वाचलं तेव्हा वडिलांचं म्हणणं मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मुंबईत मला स्टायपेंडवर घेतलं. खोलीत आम्ही बरेच जण, किट पाठीला, लोकलच्या दारात उभं राहून सरावाला. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिले काही आठवडे मला डॉज मारूच दिला नाही. उजव्या कोपऱ्याजवळ उभं करायचे, बॉल द्यायचे आणि सेंटर मारायला लावायचे. गोलसमोर तीन खुणा ठेवलेल्या : जवळच्या खांबापाशी एक, लांबच्या खांबापलीकडं एक आणि पेनल्टीच्या ठिपक्यापाशी एक. मी बॉल मारण्याआधी मान वर करून बघायचो. ते ओरडायचे, "आता काय बघतोस? बॉल येण्याआधी बघायचं. आधी बघ, मग मार." बॉल पायाशी आल्यावर मान वर केली की एक स्पर्श जादा लागतो. तेवढ्यात स्टॉपर जागा घेतो, कीपर पाऊल पुढं टाकतो आणि अर्धी संधी संपते. त्यांनी मला बॉल वाटेत असतानाच डोकं फिरवून चित्र टिपायची सवय लावली. बॉल येईस्तोवर ते चित्र थोडं शिळं होतं, पण जिथं माणूस होता तिथून तो कुठं पळाला असेल याचा अंदाज येतो. चांगला सेंटर हा अंदाजावरच मारलेला असतो.

त्यांनी दुसरी गोष्ट शिकवली ती अर्ध्या यार्डाची. कोल्हापुरात बॅकला पूर्ण मागं टाकल्याशिवाय मजा यायची नाही. त्याला चकवायचं, थांबायचं, पुन्हा चकवायचं. सर म्हणायचे, "त्याला हरवायचं नाही, तुला फक्त बॉल मारायला जागा पाहिजे." सेंटर मारायला पूर्ण मोकळीक लागत नाही. बॅकचा पाय आणि बॉल यांच्यात अर्धा यार्ड फट पडली की बस. तेवढ्या फटीतून कमी उंचीचा, जोरात, कीपर आणि स्टॉपर यांच्या मधल्या पट्ट्यातून गेलेला बॉल सर्वांत वाईट : कीपरला बाहेर यायची भीती, स्टॉपरला स्वतःच्याच गोलमध्ये जायची भीती. आणि एंडलाइनपर्यंत पोचलात तर हवेत मारायचाच नाही. मागं, ठिपक्याकडं सरपटता पास द्यायचा. बचाव करणारे सगळे गोलच्या दिशेनं पळत असतात, त्यांना मागं जाणारा बॉल थांबवता येत नाही. शिवाय बॉल मागं गेला की ऑफसाइडचा प्रश्नच उरत नाही. आज माझ्याकडच्या पोरांना मी हा पास सगळ्यांत आधी शिकवतो. दिसायला तो साधा आहे, म्हणून कुणाला आवडत नाही.

बॉलशिवायचं पळणं शिकायला जास्त वर्षं गेली. समोरच्या संघाचा बॅक पुढं चढला की त्याच्यामागं कोण जाणार? विंगर. आपल्या विंगवरून हल्ला फसला की साठ यार्ड उलट पळत येणारा कोण? विंगर. आणि हल्ला दुसऱ्या विंगवर चालू असेल तेव्हा लांबच्या खांबाकडं, बॉल येईल की नाही याची खात्री नसताना पळत जाणाराही तोच. दहापैकी नऊ वेळा तो बॉल येत नाही. दहाव्या वेळी येतो आणि लोक म्हणतात, नशीबवान आहे. १३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा अंतिम सामना झाला. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान १-१ बरोबरीत, नव्वदावं मिनिट. बागानचा कीपर पुढं येऊन बॉल ताब्यात घ्यायला गेला, मुंबईच्या ओगबेचेनं तो हिसकावला आणि बाजूला दिला. तिथं बिपिन सिंग पोचलेला होता. मणिपूरचा हा विंगर. गोल मोकळा, बॉल ढकलायचा फक्त. टीव्हीवर तो फार सोपा दिसला. माझं लक्ष मात्र याच्याकडं होतं की नव्वदाव्या मिनिटाला, कीपरकडं जाणाऱ्या बॉलच्या मागं, तो तिथं होता कसा. तो पळत आला होता म्हणून होता. मुंबईनं पहिल्यांदा आयएसएल जिंकली ती त्या पळण्यावर.

मैदानं बदलली की पळणंही बदलतं. कोलकात्यात लीग पावसाळ्यात चालते. सेंटर सर्कल आणि दोन्ही गोलपुढची जागा चिखलाची होते, गवत टिकतं ते कडेला. त्यामुळं पावसात सगळा संघ बॉल विंगवर पाठवतो; कारण बॉल फक्त तिथंच घरंगळतो. लांब स्टडचे बूट, ओला बॉल, आणि प्रत्येक स्प्रिंटमध्ये पाय वर काढायलाच निम्मी ताकद जायची. शिलाँगला उलटं. दीडेक हजार मीटर उंची, थंड हवा, तेव्हा कृत्रिम टर्फ, बॉल सपाट्यानं पुढं जायचा आणि सपाटीवरून आलेल्याची दमछाक पहिल्या वीस मिनिटांतच व्हायची. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवरही तेव्हा कृत्रिम टर्फ होतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी ते काढून तिथं पुन्हा गवत आलं. दुपारच्या सामन्यात ते टर्फ इतकं तापायचं की तळपायाला चटके बसायचे. गोव्यात हवेत पाणी इतकं, की हाफ-टाइमला जर्सी पिळून काढायची. ज्यानं एकाच मैदानावर विंग खेळली, त्याला आपला वेग किती आहे हे खरं कळत नाही.

भारतीय क्लबांत विंगची जागा आमच्या वाट्याला आली त्यालाही कारण आहे. परदेशी खेळाडू ठरावीकच घेता येतात. क्लबमालक परदेशींसाठीचे पैसे गोल करणाऱ्या स्ट्रायकरवर, मधल्या फळीच्या सूत्रधारावर आणि स्टॉपरवर घालतात. मैदानाचा मधला कणा परदेशी आणि कडा देशी, असा बऱ्याच संघांचा साचा होता. म्हणून आपल्याकडं छांगते, उदांता, बिपिन, जॅकीचंद असे एकामागून एक विंगर दिसतात आणि नऊ नंबरच्या स्ट्रायकरचा शोध संपत नाही. लालियानझुआला छांगते मिझोरामचा, मुंबई सिटीकडून खेळतो. २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी परदेशी चारच, ही मर्यादा आल्यावर देशी पोरांना इतर जागाही उघडल्या. पण आमच्या काळात प्रशिक्षक नव्या पोराला विचारायचा तो प्रश्न ठरलेला : पळतोस का? मग विंगवर.

आता पैशांचं. लोकांना वाटतं, प्रोफेशनल म्हणजे कंत्राट, म्हणजे निश्चिंती. माझी बहुतेक कंत्राटं एका हंगामाची होती. हंगाम संपता संपता एजंटचे फोन, ट्रायल, पुन्हा नवं शहर, पुन्हा नवी खोली. एका क्लबात आमचे पगार महिनोन्‌महिने थकले. विचारायला गेलं की उत्तर यायचं, स्पॉन्सरकडून आले की देतो. आम्ही बरोबरचे काही जण फेडरेशनकडं दाद मागायच्या गोष्टी करायचो. पण पुढच्या हंगामाचा क्लब शोधायचा असताना तक्रार करणाऱ्याचं नाव होतं, या भीतीनं बहुतेक गप्प बसायचे. खेळाडूंची संघटना २००६ पासून होती, बायचुंग भुतियाच्या पुढाकारानं. तिच्यामुळं निदान कंत्राटाचा कागद आपल्याकडं ठेवायचा असतो, एवढं पोरांना कळायला लागलं.

आणि क्लब तरी किती टिकले? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत न बसल्यानं एअर इंडिया आणि ओएनजीसी राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगबाहेर गेले. पुणे एफसीसारखा नीट चालवलेला, अकादमी असलेला क्लबही गेला. २०१६ मध्ये देम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. २०१४ ला आयएसएल आली तेव्हा सुरुवातीला ती दोन-अडीच महिन्यांची होती. आय-लीगचे खेळाडू तिथं उसने जायचे आणि परत यायचे. त्या थोड्या काळात आम्हाला पहिल्यांदा नीट फिजिओ, मोजूनमापून जेवण, पाठीवर जीपीएसचं जाकीट मिळालं. पहिल्यांदा कागदावर दिसलं की मी किती पळतो, किती स्प्रिंट मारतो आणि सत्तराव्या मिनिटानंतर माझा वेग किती पडतो. तो शेवटचा आकडा बघून मी बरंच समजून घेतलं. आणि २०२५ च्या जुलैत हीच आयएसएल आयोजकांनी हक्कांच्या कराराच्या घोळात रोखून धरली, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, तेव्हा नव्या पोरांचे फोन मला यायला लागले. त्यांचे प्रश्न मी माझ्या पंचविशीत विचारायचो तेच होते.

विंगरचा देह लवकर म्हातारा होतो. स्टॉपर पस्तिशीपर्यंत जागा राखून खेळतो, कीपर त्याहूनही पुढं. विंगरचं सगळं भांडवल स्प्रिंटमध्ये, आणि स्प्रिंटचा भार मांडीच्या मागच्या स्नायूवर, हॅमस्ट्रिंगवर. पूर्ण वेगात पाय पुढं फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याआधी त्याला आवरायचं काम हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत करतो. तिथंच तो फाटतो. पहिल्यांदा तो फाटला तेव्हा मागून कुणी दगड मारला असं वाटून मी वळून बघितलं होतं. मागं कुणी नव्हतं. दुखणं बरं होतं, पण एकदा गेलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याची शक्यता जास्त. आम्हाला वाफेचा शेक, पट्टी आणि आराम एवढंच माहीत. गुडघ्यावर बसून, मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग सावकाश पुढं झुकवत न्यायचं, हा नॉर्डिक व्यायाम मला फार उशिरा भेटला. हॅमस्ट्रिंगची दुखणी त्यानं कमी होतात हे आता सगळीकडं मान्य आहे. त्याला खर्च शून्य. एक जोडीदार आणि एक सतरंजी लागते. कोल्हापूरच्या प्रत्येक तालमीत हा व्यायाम आठवड्यातून दोनदा झाला, तर कितीतरी पोरांची दोन-तीन वर्षं वाचतील.

वेग कमी व्हायला लागला त्याच काळात खेळानंही विंगरचं काम बदललं. आधी उजव्या पायाचा खेळाडू उजवीकडं, लाइनीवरून जाऊन सेंटर मारणारा. नंतर प्रशिक्षकांना उजवीकडं डावखुरे हवे झाले, आत कापून गोलवर मारणारे. हॉलंडचा आर्यन रॉबेन उजव्या विंगवरून डाव्या पायावर आत येणार हे साऱ्या जगाला माहीत होतं, तरी कुणाला थांबवता यायचं नाही. त्यात मग कुणी तीन स्टॉपर लावले की विंगरची जागाच मिटायची आणि त्याला विंग-बॅक म्हणून स्वतःच्या पेनल्टी एरियापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत अख्खी विंग सांभाळायला लावायचे. मलाही तेच सांगितलं गेलं. ज्या बॅकांना मी आयुष्यभर छळलं, त्यांच्या जागी मी उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं की बॅकला चकवणाऱ्या विंगरची भीती कमी वाटते. जो सारखा मागं पळायला लावतो, त्याची जास्त. सामन्याच्या शेवटी बॅक हरतो तो डॉजनं नाही, दमानं. ही गोष्ट विशीत कुणी मला बॅकच्या जागी खेळवून शिकवली असती तर बरं झालं असतं. म्हणून मी माझ्याकडच्या प्रत्येक विंगरला सरावात काही दिवस बॅक खेळवतो. त्यांच्या आया मला विचारतात, "सर, पोराला मागं का ढकललाय?"

खेळाच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडं वेग नव्हता, पण काम मिळत राहिलं. कारण तोवर केव्हा पळायचं नाही हे मला कळलं होतं. वीस वर्षांचा विंगर बॉल दिसला की पळतो. तिशीतला विंगर आधी थांबतो, बॅकला आपल्याजवळ ओढतो आणि मागची मोकळी जागा दुसऱ्याला देतो. त्या जागेत कुणी दुसरा घुसतो, गोल होतो, आणि कागदावर माझं नाव कुठंच येत नाही. ड्रेसिंग रूममध्ये मात्र सगळ्यांना माहीत असतं. एका नायजेरियन स्ट्रायकरनं अशा एका सामन्यानंतर आपल्या वाट्याचं बिर्याणीचं पाकीट माझ्यापुढं सरकवलं, काही बोलला नाही. क्लबकडून मिळालेल्या काही चषकांपेक्षा मला ते पाकीट जास्त लक्षात आहे.

आता कोल्हापूरच्या पोरांबद्दल. आमच्या मातीत विंगर तयार होतात यात शंका नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आमचा अनिकेत जाधव होता. त्याआधी आणि त्यानंतरही इथली पोरं मोठ्या क्लबांत गेली. पण जातात त्यांच्या कितीतरी पट पोरं शाहू स्टेडियमवरच्या टाळ्यांत अडकतात. तालमीकडून हंगामाचं मानधन, चौकात फलक, पेठेत मान. विशीत हे पुरेसं वाटतं. अंगात वेग आहे, हिंमत आहे, आणि दोन्हींचा बाजारभाव कुठं जास्त आहे हे सांगणारं कुणी नाही. बारा ते सोळा वयाच्या पोरांना वर्षभर नियमित लीग मिळाली पाहिजे. चषकांचं चार दिवसांचं बाद फेरीचं फुटबॉल त्यांना शिकवत नाही. हरलं की घरी. पोराला हरल्यानंतरही पुढच्या रविवारी पुन्हा खेळायला मिळालं पाहिजे, तरच तो सुधारतो.

तालमीच्या कारभाऱ्यांना माझं सांगणं आहे : मोठ्या संघासाठी बाहेरून गडी आणायला जो पैसा काढता, त्यातला थोडा बाजूला काढून एक फिजिओ ठेवा आणि पोरांच्या दोन टीम वर्षभर चालवा. आईवडिलांना सांगणं आहे : पोराला खेळू द्या, पण बारावी आणि पदवी सोडू देऊ नका, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो एका वकिलाकडून वाचून घ्या, ओळखीचा म्हणून एजंटवर विसंबू नका. आणि पोरांना : डाव्या पायानं रोज भिंतीवर बॉल मारा, आठवड्यातून दोनदा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम करा, आणि लाइनीमागचा माणूस काय ओरडतो यापेक्षा लांबच्या खांबाकडं कोण पळतोय ते बघा. विंगरचे पाय तिशीपर्यंत साथ देतात. त्यानंतर उरलेल्या तीस वर्षांच्या पोटापाण्याची तयारी विसाव्या वर्षीच सुरू करावी लागते.